हं म्हणायची नोकरी

४ फेब्रुवारी

मला गप्प बसता येतं हा गुन्हा आहे, हे या वयात कळलं.

पुतणीने सकाळीच जेवणाच्या टेबलावर माईक मांडला, पंखा बंद केला, फ्रिजची वायर काढली. मला म्हणाली, "काकू, तू फक्त आईसमोर बस. आवाज नको." आवाज नको, हे मला सांगते! उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली माझी. लाइनवर दोघं बोलत असताना आपला श्वाससुद्धा ऐकू जाता कामा नये, हे मी नव्या पोरींना घोकून घेत असे. त्याआधी कॉन्व्हेंटात सिस्टरांनी घोकून घेतलेलं — ऐकताना ओठ मिटलेले, हात मांडीवर. तशी बसले. पुतळा.

जाऊबाईंनी डोळे मिटले. "एक होती मगर," म्हणाल्या आणि थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मिटले. "ती राहायची खाडीत." पुन्हा थांबल्या. मग लेकीला म्हणाल्या, "बंद कर ते. कोणी ऐकतच नाहीये."

मी समोर बसलेली!

"हं कुठं म्हणालीस?" म्हणे. हं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. मी म्हटलं, मान डोलावते. तर, "माझे डोळे मिटलेले असतात, तुझी मान काय कामाची?"

५ फेब्रुवारी

काल रागात सगळं लिहायचं राहिलं. जाऊबाईंच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, पण काढायला हवी. काढल्यावर आवाज राहील की नाही, यावर डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. महिनाअखेर ऑपरेशन. त्याआधी त्यांच्या सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या, हा पुतणीचा हुकूम.

मोठे दीर पूल बांधायचे. जिथे नदी तिथे यांचा संसार — पूर्वेच्या डोंगरात, दक्षिणेच्या खाडीकाठी, मधल्या जंगलात, अगदी वाळवंटातही. (तिथेही नदी असते म्हणे, मनात आलं की वाहते.) बदली झाली की बाकीच्या बायका तिथली भांडी आणतात, चादरी आणतात. या तिथल्या बायकांच्या गोष्टी घेऊन आल्या.

आता दोघींचेही नवरे गेले, आणि दोघींत मिळून एक स्वयंपाकघर उरलं. त्यात आता हा माईक.

७ फेब्रुवारी

हं म्हणायलासुद्धा शिकवणी लागते! मी आपली वाक्य संपलं की हं, वाक्य संपलं की हं. पुतणी म्हणाली, "काकू, तू फाईल पास केल्यासारखं हं म्हणतेस."

जंगलातली वाघिणीची गोष्ट चालली होती. "आणि वाघीण मेली."

"हं."

जाऊबाईंनी डोळे उघडले. "मेल्यावर लगेच हं म्हणतात का? जीव गेलाय. जरा थांबून म्हणावं."

बरं. जरा थांबून.

९ फेब्रुवारी

पुतणीने हुशारी केली. कॉम्प्युटरवर बसून माझे सगळे हं कापून टाकले आणि ऐकवलं. गोष्ट अशी धावत सुटलेली, जणू जाऊबाईंची गाडी सुटतेय. वाघीण मेली आणि दुसऱ्या क्षणी तिच्या पिल्लाचं लग्न! मुकाट्याने सगळे हं परत बसवले तिने.

 संध्याकाळचा चहा जरा गोड झाला.

माझा आवाज मात्र दाराच्या बिजागरीसारखा आहे. एवढी वर्षं लोकांना "जोडून देते" म्हणत होते, कोणी सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज भांडण. विषय — मगर.

गोष्ट अशी. खाडीतली मगर माणसाचं रूप घेऊन एका घरात जावई होते. जेवायला बसल्यावर अन्न गिळते, ताट गिळते, पाट गिळते, आणि नजर जाते बायकोकडे. तेव्हा सासू म्हणते, "जावईबापू, तुम्हाला टोपी शिवते, डोक्याचं माप घेऊ द्या." आणि माप घेता घेता दोरीने जबडा करकचून बांधून टाकते.

पुतणी म्हणाली, "आई, त्या मुलीनेच बांधलं असं सांग ना. हल्लीच्या मुलींना आवडेल."

मला पटलं. मुलीचा नवरा, मुलीचा जीव, आणि शहाणपण मिरवणार तिची आई? मी तसं म्हटलंही.

"काल लग्न झालेली पोर मगरीच्या तोंडात हात घालेल? ते मुरलेल्या बाईचं काम आहे," जाऊबाई म्हणाल्या. "मला ज्यांनी सांगितली त्यांच्याकडे सासूनेच बांधलं."

"आणि डोंगरात?" मी विचारलं.

"डोंगरात मगर नाही. तिथे अस्वल जावई होतं. सासूने बांधलं."

"वाळवंटात?"

"उंट. सासूने. जावई बदलतो, सासू तीच."

"वहिनी, तुम्ही स्वतः सासू होणार म्हणून हे चाललंय," मी म्हटलं. पुतणीचं अजून लग्न ठरायचंय. ती माईक उचलून खोलीत गेली.

१५ फेब्रुवारी

मला लहानपणी कोणी गोष्टी सांगितल्याच नाहीत. बोर्डिंगात जेवणं झाली की दिवे बंद. वर्गात जी गोष्ट असायची तिच्याखाली प्रश्न असायचे. कित्येक वर्षं मला वाटायचं, गोष्ट म्हणजे शेवटी उत्तरं लिहावी लागतात ती. इथे नुसतं हं म्हटलं की पुरतं. पूर्ण गुण.

१८ फेब्रुवारी

दिवसभर वाळवंट. घसा माझा बसला.

२३ फेब्रुवारी

सगळ्या झाल्या, मगर सोडून. भांडणापासून ती राहूनच गेली. आज पुतणीने पंखा बंद केला, वायर काढली, मी हात मांडीवर ठेवून तयार. जाऊबाई म्हणाल्या, "मगर राहू दे. परत आल्यावर."

"आल्यावर आवाज नसला तर?" पुतणी बोलून गेली. लगेच जीभ चावली.

"म्हणूनच," जाऊबाई म्हणाल्या आणि फ्रिजची वायर स्वतः लावून आल्या. बाहेर जाणाऱ्या बाईने घरी काहीतरी अर्धं ठेवून जावं, म्हणजे परत यावंच लागतं, हा त्यांचा हिशोब. मला काही पटला नाही.

२७ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन. गाठ निरुपद्रवी. आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. हातवाऱ्यांनी सगळ्या वॉर्डावर राज्य चाललंय. नर्सला उशी, मला चष्मा, शेजारच्या पलंगावरच्या बाईंना "घोरू नका". सगळं समजतं. दुर्दैवाने.

७ मार्च

डॉक्टर म्हणाले, आता बोला. जाऊबाईंनी मान हलवली — नाही.

"आतून सगळं छान दिसतंय. पण तुम्ही आवाज काढल्याशिवाय मला काही सांगता येणार नाही."

नाही.

घरी येऊनही नाही. पुतणीने लाडीगोडी लावली, मग रागावली, मग बाथरूमचा नळ सोडून आत बसली. मला काय नळाआडचं रडणं कळत नाही?

जाऊबाईंचं मला कळतं. एक्स्चेंजमध्ये असे लोक असायचे. घंटी वाजतेय, माणूस फोनशेजारी बसलाय, उचलत नाही. न उचललेल्या फोनवर वाईट बातमी नसते.

९ मार्च

आज मी भांडून पाहिलं. चहा पाणचट करतेस इथपासून — आयुष्यात पहिल्यांदा एकेरीवर आले — ते मोठ्या दिरांचे पूल वाकडे होते इथपर्यंत. त्यांनी शांतपणे चादरीची घडी घातली. समोरून कोणी नसेल तर भांडण कसलं, नुसती बडबड. शेवटी मीच सॉरी म्हटलं. कॉन्व्हेंटची सवय.

डॉक्टरांचा फोन आला होता. फार दिवस असंच राहिलं तर बरं नाही म्हणाले.

१० मार्च

दुपारी त्यांच्या पलंगाशी बसले, डोळे मिटले आणि मगर सांगायला घेतली. बिजागरीच्या आवाजात. ताट गिळलं. हं नाही. पाट गिळला. हं नाही. "मग त्या मुलीने दोरी काढली आणि म्हणाली, टोपीचं माप —" इथे थांबले. वाट पाहिली. "कोणी ऐकतच नाहीये," म्हटलं आणि उठायला लागले.

मागून फाटक्या कागदासारखा आवाज आला. "मुलीने नाही. सासूने."

मी खाली बसले. हं म्हटलं. जरा थांबून.