मोटर मीच सुरू करणार

११ एप्रिल, सकाळ
बोअरची मोटर सुरू झाली नाही. हिरवं बटण दाबलं की खालून घुंऽऽ आवाज येतो आणि स्टार्टर खटकन ट्रिप होऊन बंद पडतो. बायको, राहीबाई, घाबरली. वांगी नेमकी फुलावर आली आहेत, आणि वाफे तिचे आहेत. रोपं तिने लावली, बाजारात विकायलाही तीच बसते. तिला सांगितलं, संध्याकाळपर्यंत पाणी देतो. आयटीआयला इलेक्ट्रिकलचं एक वर्ष उगाच केलं नाही. दुसऱ्या वर्षाची गरज वाटली नव्हती.

११ एप्रिल, संध्याकाळ
पाणी नाही. निदान मात्र झालं. मोटर उन्हाने तापते. राहीबाई म्हणाली, मोटर तं खाली पाण्यात हाय, तिले ऊन कुठून लागन. टेक्निकल गोष्टी तिला सावकाश समजावाव्या लागतात. उद्या समजावीन.

१३ एप्रिल
यूट्यूब पाहिलं. व्हिडिओ तेलुगूत होता, पण माणूस माझ्याच पद्धतीने काम करत होता. स्टार्टर उघडला, फुंकला, बंद केला. फरक नाही. राहीबाईने विचारलं, डब्यावरचा लाल दिवा लागते, पिवळा लागते, मंग निळा काऊन नाई लागून राह्यला. बल्ब गेला असेल म्हणालो. दिव्यांनी काय पाणी येतं?
शेजारचे सुधाकरराव पाईप टाकून पाणी देतो म्हणाले. त्यांची लाईन दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून आहे. नम्रपणे नको म्हटलं. गावात चुकीचा मेसेज जातो.
राहीबाई हापशावरून हंडे आणून झाडांना तांब्याने पाणी घालते. मीही एक हंडा उचलला होता. पण मग विचार कोण करणार?

१६ एप्रिल
फुलं गळताहेत. राहीबाई म्हणते, लाईनमनले फोन लावा. लाईनमन म्हणजे संघपाल. आयटीआयला माझ्याच बाकावर बसायचा. त्याने दुसरं वर्षही केलं. फोन लागला नाही. म्हणजे लावला असता तरी लागला नसता, रेंज नव्हती.

१७ एप्रिल, दुपार
मार्ग सापडला! दोष मोटरचा नाही, ट्रिप होण्याचा आहे. वडील स्टार्टरमध्ये तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचा, तुकडा खोचायचे, म्हणजे तो ट्रिप होऊच शकत नाही. सगळं गाव खोचतं. मीही खोचला. स्टार्टर गप्प. मोटर सलग घुं करते आहे. पाणी अजून नाही, पण तिची इच्छा दिसते. राहीबाई म्हणाली, बंद करा जी, जळन ते. जरा दम धर म्हणालो.

१७ एप्रिल, थोड्या वेळाने
घुं थांबलं. आता बटण दाबलं तरी काहीच होत नाही. निदान आवाजाचा त्रास गेला.

१९ एप्रिल
राहीबाईने मला न विचारता संघपालला बोलावलं. त्याने ट्रान्सफॉर्मरवर फ्यूजची तुटलेली तार बदलली आणि निळा दिवा लागला. तीनपैकी एक फेज येतच नव्हता म्हणे. त्या दिवशीच सांगितलं असतंस तं मोटर तवाच चालली असती, म्हणाला. आता आतली तारेची वायंडिंग जळली. मोटर वर काढायची, आदिलाबादला न्यायची, नवी तार भरून आणायची. तोवर वांगी थांबणार नाहीत.
तो हसेल म्हणून मी तयार होतो. हसला नाही. फार वाईट वाटलं.

२० एप्रिल
सुधाकररावांकडे पाणी मागायला स्वतः गेलो. मी हट्टी माणूस नाही. ते लगेच पाईप घेऊन निघाले. आम्ही पोचलो तेव्हा राहीबाईने वाळलेली झाडं उपटून बांधावर ढीग लावला होता. तिने सुधाकररावांना चहा विचारला. मला नाही. भांडली असती तर सगळं नीट समजावून सांगता आलं असतं.
घरी येऊन तिने बाजाराच्या टोपल्या झटकल्या आणि माळ्यावर ठेवायला लागली. मी मदतीला उठलो.
राहू द्या जी, म्हणाली. तुमी हात नका लावू.