शंभर टक्के अंधार

३ फेब्रुवारी
बदलीचं पत्र आलं. एकतीस मार्चला इथलं दुकान नव्या साहेबाच्या ताब्यात आणि आपण दक्षिणेला, उन्हात. सुटलो! तीन वर्षं परदेशात, उत्तरेच्या या गारठ्यात पडदे विकले, लोकांच्या खिडक्या मोजून पाठ गेली.  जेवताना ही म्हणाली, जायच्या आधी एकदा नॉर्दर्न लाइट्स दाखवा, दुसरं काही मागत नाही. आल्यापासून सांगतेय म्हणे. खरं आहे. दर हिवाळ्यात मी ‘पुढच्या हिवाळ्यात’ म्हणत आलो, आणि आता पुढचा हिवाळाच नाही. शब्द दिला. दाखवणार म्हणजे दाखवणार.

४ फेब्रुवारी
कधी आणि कुठे, प्रश्न दोनच. लोक उगाच बाऊ करतात. लंच टाइममध्ये अभ्यास पुरा केला. सूर्य काहीतरी फेकतो, ते वरच्या हवेवर आदळून चमकतं. केपी नावाचा आकडा असतो, शून्य ते नऊ. आकडा मोठा तेवढी मजा मोठी. ॲप घेतलं. तोंड उत्तरेला हवं आणि अंधार हवा. अंधाराचं मला कोण शिकवणार? ब्लॅकआउट पडद्यांत या भागात माझा हात धरणारा कोणी नाही.

संध्याकाळी हिचं जुनं तुणतुणं. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढा, बाहेरचं काही दिसत नाही. साफ नाही म्हटलं. घरातली एकूण एक खिडकी आमच्या ‘शंभर टक्के अंधार’ मालाने झाकलेली आहे, तीही चौकटीला पक्की. गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवतो मी. दुकानदारच उजेडात राहिला तर माल कोण घेणार?

१२ फेब्रुवारी
पहिली मोहीम. पौर्णिमा मुद्दाम निवडली, म्हणजे सगळं लख्ख दिसेल. लख्ख दिसलं. चंद्र दिसला, बर्फ दिसलं, हिचं तोंड दिसलं. घरी येऊन वाचलं की चांदण्यात लाइट्स फिके पडतात. हे ॲपने आधी नको का सांगायला?

१३ फेब्रुवारी
सर्दी. यापुढे सगळं शास्त्रोक्त.

२० फेब्रुवारी
केपी सहा! ॲप म्हणतं, वेळ रात्री दहाची. थर्मास, दोन रजया, दुर्बीण. डोंगरावर गाडी नेली. साडेअकरापर्यंत वर बघून मान आखडली. मग निघालो. ॲपची ती वेळ ग्रीनिचच्या घड्याळाची निघाली, आपल्याकडे तेव्हा बारा. म्हणजे आपल्याकडे लाइट्स आले तेव्हा आम्ही घरी येऊन पांघरूण घेत होतो. चूक ग्रीनिचची आहे. मी हिला तसं सांगितलं. ती कूस बदलून झोपली.

२१ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरचा दाढीवाला जिन्यात भेटला. काल मस्त दिसले म्हणाला. कुठून, तर म्हणे स्वयंपाकघरातून, ओटा पुसता पुसता! लोक काहीही ठोकून देतात. त्याला केपी समजावून सांगितला. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. माणूस चांगला आहे, पण अभ्यास नाही.

५ मार्च
ढग.

६ मार्च
ढग. ॲप म्हणतं केपी सात. असेल, ढगांच्या वर. आपल्याकडून तयारीत कसूर नाही.

१८ मार्च
दिसले! असं वाटलं. डोंगरापलीकडे हिरवी झाक, मंद, स्थिर. हिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी नीट दिसावं म्हणून गाडी पुढे घेतली. पेट्रोल पंपाची पाटी होती. आलोच आहोत तर पेट्रोल भरलं. येताना ही काचेकडे तोंड फिरवून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ मार्च
सासूबाई सामान बांधायला आल्या. मोहिमांची सगळी हकीकत हिच्याकडून ऐकली. मला फक्त विचारलं, जावईबापू, सर्दी कशी आहे.

२६ मार्च, रात्री पावणेनऊ, गाडीत
आज ठरलंच. अमावास्या जवळ, आकाश स्वच्छ, केपी आठ. ही म्हणाली, मला आवरायचंय, तुम्ही जा. ठीक. मी जागा पक्की करतो, दिसले की फोन करतो, दोघींनी टॅक्सीने यावं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, असं वाचलंय. तेवढ्यासाठी गाडीच्या काचांना आतून आपलंच सॅम्पलचं कापड लावलं. काय माल आहे! स्वतःचं नाक दिसत नाही. आता टॉर्च विझवतो. फोनच्या उजेडाने डोळे बिघडू नयेत म्हणून फोनही बंद. पाच मिनिटं पडतो.

२७ मार्च, सकाळ, गाडीतच
झोप छान झाली. कापड काढलं तर बाहेर ऊन. फोन चालू केला. हिचे चौदा मिस्ड कॉल. सामान बांधायची दोरी संपली असेल.

२७ मार्च, दुपार
दोरी नव्हती संपली. काल नऊनंतर सासूबाईंनी पडदे धुवायला काढले. आधी स्वयंपाकघरातला. चौकट निघेना, मायलेकींनी मिळून ओढली. बाहेर अख्खं आकाश हिरवं. कडेला गुलाबी. हलत होतं म्हणे, सारखं हलत होतं. वरून दाढीवाला ओरडला की आज फार जोरात आहेत, नेहमी एवढे नसतात. नेहमी!

ही सांगत होती तेव्हा तिचे हात थांबत नव्हते. इतकं खूश मी तिला या गावात कधी बघितलं नाही. मग म्हणाली, तुमच्याशिवाय बघवेना हो, फोन कानाला लावूनच बघितलं सगळं. मला फार वाईट वाटलं. सासूबाई ‘काखेत कळसा’ एवढंच म्हणाल्या. पुढचं मला येतं.

ॲप काढून टाकलं.

३० मार्च
तीन रात्री आम्ही दोघं ओट्याशी खुर्च्या टाकून त्या खिडकीत बसलो. ढग. आज हिने विचारलं, आता कधी दिसतील? म्हटलं, माहीत नाही. तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि चहा ओतला.

संध्याकाळी नवा साहेब दुकानाच्या किल्ल्या घ्यायला घरी आला होता. घडी घातलेले पडदे चाचपून विचारत होता, माल खरंच शंभर टक्के अंधार करतो का. मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, अगदी गॅरंटीचा, आम्हाला तीन वर्षं बाहेरचं काही म्हणून दिसलं नाही. साहेब खूश. स्वतःच्या घरासाठी लगेच सगळे ठेवून घेतले. इथली माझी शेवटची विक्री, आणि तीही हिनेच केली.