घाटातला बैल आणि छपराखालची शर्यत

दादा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी बाप म्हणून तुमची आठवण निघाली की मला तो गुलाल दिसतो आणि किळस येते. आपल्या आणे गावच्या शिवारातून आपण शेजारच्या गावच्या यात्रेला, बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी गाडा घेऊन गेलो होतो. मी शाळेत होतो. आपली पळायची बारी यायच्या आधी तुम्ही आपल्या खिलारी बैलाला टेम्पोच्या आडोशाला नेलंत आणि त्याच्या मानेत जोर चढवायची सुई खुपसलीत. मी ओरडलो, तर म्हणालात, "गप रं. समदेच देत्यात. आपुन न्हाई दिलं तर मागं ऱ्हाऊ." आपला गाडा पहिला आला. बैलांना चेव यावा म्हणून 'भिर्रर्र' करत तुम्ही घसा फोडून घेतलात. गाडे पळायच्या त्या चढाच्या, घाटाच्या माथ्यावर बैल गुडघ्यांवर बसला, तोंडातून नुसता फेस. तुम्ही टॉवेलनं तो फेस पुसलात, तोच टॉवेल खांद्यावर टाकलात आणि बसलेल्या जनावराच्या कपाळाला जिंकल्याचा गुलाल फासलात! तो पुन्हा कधी पळाला नाही. बेल्ह्याच्या बाजारात त्याला विकून आलात, तेव्हा त्याच पैशातून माझ्यासाठी पळायचे बूट आणलेत, मोठ्या कौतुकानं. मी ते घातले, कारण दुसरे नव्हते.

पुढे मी देशाचा बनियन घालून परदेशात गेलो. तीन हजार मीटर, तेही छपराखाली. निघताना तुम्ही हसला होतात, "घरात कसली पळायची शर्यत? ऊन बाधतं व्हय त्यांना?" बाहेर बर्फ असतो, म्हणून मोठ्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांचा लहानसा ट्रॅक करतात, हे मी तुम्हाला समजावलं होतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आमचा मॅनेजर हॉटेलच्या खोलीत येतो, दार लावतो आणि रुमालात गुंडाळलेली सुई काढतो. हसून म्हणतो, "डरो मत. सब लेते हैं." भाषा तेवढी वेगळी, दादा, वाक्य तुमचंच. मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो. बाहेर आलो तर खोलीतला दुसरा पोरगा बाही वर करून बसलेला. मी नको म्हणालो.

त्याला पदक मिळालं. मी शेवटचा. सगळ्यांची शर्यत संपली तरी मी एकटाच त्या फळ्यांवरून गरगर फिरत होतो आणि मॅनेजर पदकवाल्याच्या गळ्यात हात टाकून फोटोला उभा होता. घरी आलो तर ओट्यावरूनच विचारलंत, "मोकळ्या हातानं आला व्हय?" त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललोच नाही. तुम्ही गेलात. मागे जुन्नरला एका सत्काराला गेलो, तर स्टेजवर प्रमुख पाहुणा तोच मॅनेजर, आणि पोरांना देशसेवा शिकवतोय. शाल न घेताच मी उठून आलो.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, चुलीत घालीन. पण तुमच्यापाशी एक कबूल करतो. त्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पाय उचलत नव्हते. बाजूला होऊन बसावं, कुणाला कळणारही नाही, असं वाटत होतं. तेवढ्यात घाटातला तुमचा तो फुटलेला आवाज कानात आला, "भिर्रर्र!" तुमची इतकी किळस येत असताना, दादा, मी त्याच आवाजावर शेवटच्या रेघेपर्यंत पळालो.