बिघडलेल्या फायलीतलं स्थळ

रिसोड,
बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय उत्कर्ष,

सप्रेम जयभीम. तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. नसेल तर ताक पी, असं तुझी ताई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते आहे. (तिच्याकडे डोकेदुखीपासून बदलीपर्यंत सगळ्यावर ताकच आहे.) माझा गुडघा शाळेतल्या हुशार पोरासारखा झाला आहे, नाव घेतलं की लगेच ओ देतो. अकोल्याला ऊन आमच्यापेक्षा कडक म्हणतात, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय ऑफिसला निघू नकोस.

पोस्टाने पत्र आलेलं पाहून घाबरू नको, घरातलं कोणी गेलेलं नाही. गेला होता तो माझा ईमेल, आणि तो परत आला तो असा आला, की त्यापेक्षा गेलेला बरा असं दोन दिवस वाटलं.

तुला माहीत आहे, निवृत्त झाल्यापासून मी समाजातल्या पोरापोरींची स्थळं जुळवतो. सगळे बायोडेटा माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात, ईमेलच्या प्रोग्राममध्ये येतात. लोक म्हणतात, गुरुजी, मोबाईलवर घ्या. पण मोबाईलवर आलेलं स्थळ दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली दबून मरतं. कॉम्प्युटरात कसं, वधू वेगळ्या कप्प्यात, वर वेगळ्या कप्प्यात, नाक मुरडणारे आईबाप तिसऱ्या कप्प्यात. मात्र हे सगळे कप्पे आतून एकाच फायलीत कोंबलेले असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात या उन्हाळ्यात लाईनीने खेळ मांडला. टपाल उघडलं की लाईन गेली, आली, परत गेली. एके सकाळी प्रोग्राम म्हणाला, ‘डेटा फाइल उघडता येत नाही. ती खराब झालेली असू शकते.’ ते ‘असू शकते’ मला फार लागलं. डॉक्टर असं बोलला की नातेवाईक रडायला सुरुवात करतात.

मग मी उपाय सुरू केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तुझ्या ताईने कीबोर्ड उलटा करून झटकला. (शेंगदाण्याची टरफलं निघाली. त्यांचा या आजाराशी संबंध नव्हता, पण माझी अब्रू गेली.) सगळा प्रोग्राम काढून नव्याने टाकला, तर तोही तीच रड रडू लागला, नवा आचारी आणला म्हणून करपलेली भाजी थोडीच सुधारते! शेवटी नेटवर वाचता वाचता कळलं, की फाइल दुरुस्त करणारं एक अवजार त्याच प्रोग्रामसोबत आलेलं असतं, फक्त ते शोधून काढावं लागतं. मी ते चालवणार, तेवढ्यात तुझी ताई म्हणाली, “अजी, आधी त्याची एक नक्कल काढून ठेवा. शिवता शिवता आणखी फाटलं त?” मी नक्कल पेनड्राइव्हवर काढली. (हे तिला फोनवर वाचून दाखवू नकोस, ती फुगेल.)

दुरुस्ती झाली. टपालं जिवंत निघाली. पण कप्पे मोडून सगळी एका ‘हरवले-सापडले’ नावाच्या ढिगात पडली होती, जत्रेत चुकलेल्या पोरांसारखी. त्यातल्या कितीतरींच्या तारखा पुसल्या गेल्या होत्या, आणि आनंदाच्या भरात ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. ढिगात सगळ्यात वर शेलूबाजारच्या एका मुलीचा बायोडेटा होता. ज्योत्स्ना, एम. ए., बी. एड., वडील एस. टी.त कंडक्टर. मला वाटलं, हे ताजं टपाल.

आता किन्हीराजाचे उकंडराव माझे जुने स्नेही. त्यांचा मुन्ना बी. एस्सी. करून शेती करतो. पोरगा सोन्यासारखा, पण ‘शेती’ शब्द ऐकला की मुलीकडचे चहाचा कप अर्धा ठेवून उठतात. किती नकार आले ते त्याच्या आईने मोजणं सोडलं होतं. मुन्ना अलीकडे लग्नकार्यांनाही जाईना, कारण प्रत्येक जण विचारायचा, तुझं कधी? उकंडराव एकदा माझ्याजवळ डोळे पुसत म्हणाले होते, “गुरुजी, पोरगं बोलत नाई, पण जेवण कमी झालं त्याचं.” म्हणून ज्योत्स्नाचं टपाल दिसताच मी त्यांना कळवलं. बायोडेटातला मोबाईल लागत नव्हता. म्हटलं, असू दे, पत्ता तर आहे! उकंडराव, त्यांची बायको, मुन्ना, एक आत्या आणि मी असे जीप करून थेट शेलूबाजारला धडकलो.

दार ज्योत्स्नानेच उघडलं. कडेवर एक लेकरू, मागे पदर ओढणारं दुसरं.

तिच्या वडिलांनी (आता निवृत्त) माझं सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, पोरीचं लगन होऊन अकरा वर्सं झाली. सुट्टीत माहेरी आली हाये ते.” उत्कर्ष, मला घाम फुटला तो मे महिन्याचा नव्हता. उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात शिव्या होत्या, पण संस्कारी. आत्या उठून उभी राहिली. मुन्ना मात्र जमिनीकडे बघत बसला, आणि त्याचा तो चेहरा पाहून मला फायलीची नाही, माझीच लाज वाटली. नकारसुद्धा माणसाला निदान स्वतःच्या नावाचा मिळायला हवा.

ज्योत्स्ना आधी खदखदून हसली. मग तिनेही मुन्नाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. “बसा सारे. पाहुणे आले हाये त पोहे खाल्ल्याबिगर कोणी जाणार नाई,” म्हणाली. पोहे घेऊन आली तिची धाकटी बहीण सपना, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. ज्योत्स्नाचा बायोडेटा मला आला तेव्हा ही शाळेत असावी. हिचा बायोडेटा घरच्यांनी कुठे पाठवलाच नव्हता, कारण तिची अट ऐकून लोक दारातूनच फिरत. तिने बशी मुन्नाच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “मी नोकरी सोडणार नाई.”

मुन्ना पहिल्यांदा मान वर करून बोलला, “मीबी वावर सोडणार नाई. दोघंबी सकाळी डबा घेऊन निघू.”

“डबा कोण करीन?”

“पोया तुमी करा. भाजी माही. शेतातली हाये, मलेच ठाऊक कोणती कवळी.”

सपना पदर तोंडाला लावून आत पळाली आणि आतून दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं. मुन्नाने पोहे दोनदा मागून घेतले. उकंडराव माझा हात धरून बसले, सोडेचनात. विहारात मंगल परिणय ठरला आहे, दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आलं की.

तुझा,
माणिकराव भाऊजी

ता. क. : ही गोष्ट तालुकाभर झाली आहे. आता लोक येऊन म्हणतात, गुरुजी, आम्हाला चांगल्या फायलीतलं नको, त्या बिघडलेल्यातलं स्थळ दाखवा.

ता. क. दुसरा : आता मुद्द्याचं. दुरुस्तीनंतर प्रोग्राम चालू होताच, पाठवायची म्हणून अडकून पडलेली जुनी टपालं त्याने मला न विचारता धडाधड पाठवून दिली. त्यात तुझा बायोडेटा होता, ताईने लिहून घेतलेला आणि तू ‘खबरदार’ म्हटल्यामुळे थांबवलेला. त्यातलं वय सहा वर्षांपूर्वीचं आहे. मी शपथेवर सांगतो, बटण मी दाबलेलं नाही.

ता. क. शेवटचा : तुझा बायोडेटा ज्यांना गेला, त्यांनी तो पुढे धाडला आणि तिकडून एक उत्तर आलं आहे. योगिनी नावाच्या बाई आहेत, वाशीमला पोस्टात नोकरी, नवरा वारल्याला चार वर्षं झाली, एक मुलगी आहे. त्यांनी स्वतःच लिहिलं आहे : ‘उंची लिहिली, रंग लिहिला, पगार लिहिला. माणूस हसतो का, ते लिहिलेलं नाही. ते आम्ही दोघी येऊन पाहू.’ येत्या रविवारी त्या आमच्याकडे येत आहेत. तू शनिवारीच ये.