कडेपर्यंत दाखवणारं भिंग

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, धंदा फोटोग्राफर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मन शाबूत, उजवा डोळा शाबूत, डावा मोतीबिंदूच्या कब्जात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतका वेळ घरात कोणाला नाही.

१. राहतं घर पत्नीला. ते तिचंच होतं, मी फक्त कागदोपत्री मालक होतो.

२. स्टुडिओचा गाळा मुलाला. तिथे मोबाइलची कव्हरं विकायचं त्याने माझ्या हयातीतच ठरवलं आहे, तेव्हा माझ्या हरकतीचा उपयोग नाही. निगेटिव्हच्या कपाटाची किल्ली मात्र पत्नीकडे राहील. मागे एक निगेटिव्ह हातात दिली, तर चिरंजीवांनी फिल्मवर दोन बोटं ताणली आणि म्हणाले, "बाबा, मोठी होत नाहीये."

३. प्लास्टिकचं भिंग, दुकानदाराच्या भाषेत लूप, शत्रूलाही देऊ नये. "पाचपट दाखवतं," असं तो म्हणाला होता. पाचपट खोटं दाखवतं, हे सांगायचं राहून गेलं. घेणाऱ्याने पटींना भुलू नये. भिंग आलेखाच्या कागदावर ठेवावं. कडेच्या रेघा वाकल्या किंवा पुसट झाल्या, तर ते दुकानातच सोडून यावं. मला हे शहाणपण फार उशिरा सुचलं.

४. याच भिंगातून मी धाकट्या भावाने काढलेल्या, कारखान्यातल्या कामगारांच्या ग्रुप फोटोची निगेटिव्ह तपासली. मधले साहेब लख्ख, कडेचे कामगार धूसर. तो म्हणाला, "दादा, एक प्रिंट तर काढून बघ." मी म्हणालो, "तुझ्या फोकसवर कागद वाया घालवू?" तेही गिऱ्हाइकांसमोर. भिंग बोटभर सरकवून कडेवर ठेवलं असतं, तरी खरं कळलं असतं. पण मी थोरला; आम्ही सरकत नसतो. त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि गेला. त्याला सव्वीस वर्षं झाली.

५. अकरा वर्षांपूर्वी काचेचं चांगलं भिंग घेतलं आणि तीच निगेटिव्ह पुन्हा पाहिली. शेवटच्या कामगाराच्या खिशातलं पेनसुद्धा दिसलं. चूक माझी होती. तरी तोंडाला कुलूप लावून बसलो, कारण माफी मागायला म्हणे योग्य प्रकाश मिळत नव्हता. मला त्याची फार आठवण येते. असलं काही मृत्युपत्रात लिहायचं नसतं, असं वकील म्हणतात. लिहिलं आहे.

६. काचेचं भिंग आणि ती निगेटिव्ह धाकट्या भावाला.
(हे कलम रद्द. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार करू नका." मला साक्षीला तोच हवा आहे. म्हणून आज सकाळी त्याच्या दुकानात जाऊन दोन्ही वस्तू हातात दिल्या. सरकलो एकदाचा.)

वरचं सगळं माझ्याच हातचं आहे. दोघांसमोर वाचलं आणि सही केली.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
तीन मार्च, सोमवार

सही: फोटोग्राफर (थोरला)

साक्षीदार १: शेजारचे शिंपी

साक्षीदार २: धाकटा भाऊ, फोटोग्राफर. शेरा: भिंग लावून कडेपर्यंत वाचलं. दादाची सही हलली आहे, पण चालेल.