हुबिंगरची धून

व्हिएन्ना, १८४६

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
चर्चमधून कपाळाला राख लावून आलो. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळाचे दोन संकल्प. एक, बियर बंद. दोन, ज्यांनी ज्यांनी माझं वाकडं केलं त्या सगळ्यांना क्षमा. यातून थाडेउस वेल्शरला वगळलं आहे.

वेल्शर आणि मी एकाच मास्तरांकडे शिकलो. आज तो पियानोचा राजा. पॅरिसहून परत आलाय आणि बायका त्याचे हातमोजे पळवतात. मी नाटकगृहाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवतो, तेही तात्पुरतं. यंदा चौदावं वर्ष. सात वर्षं खपून लिहिलेली माझी सिम्फनी त्याला वाचायला दिली होती. आज त्याने ती कॉफीहाउसात, चारचौघांत परत केली. म्हणाला, "वेंडेलिन, कागद फार उत्तम वापरलास." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हुबिंगर हसला.

हुबिंगरलाही क्षमेतून वगळलं आहे.

२६ फेब्रुवारी
ओटमार हुबिंगर व्हायोलाच वाजवतो. आम्हा दोघांना मिळून स्वरलिपीचा एक स्टँड. तो बाहेरच्या बाजूला बसतो, लोकांना दिसेल असा. आतल्या बाजूला बसणाऱ्याने पान उलटायचं असा ऑर्केस्ट्राचा रिवाज. म्हणजे मी. पान उलटताना माझे तीन-चार सूर बुडतात, आणि नेमके चांगले तेच. आजही बुडाले.
संध्याकाळी बियर. घसा दुखत होता, औषध म्हणून.

३ मार्च, दुपार
बेत सुचला. १९ला वेल्शरचा मोठा कार्यक्रम आहे. साथीला आमचाच ऑर्केस्ट्रा. शेवटी नेहमीचा प्रकार: दारातल्या चांदीच्या कलशात श्रोते चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीवर एखादी धून, खाली स्वतःचं नाव. कलाकार एक चिठ्ठी काढतो आणि तिथल्या तिथे त्या धुनेवर मैफल रंगवतो. लोक बिचारे साधी नाचाची गाणी लिहितात. मी अशी धून टाकणार की भल्याभल्यांचे हात पियानोवरच थिजतील. कुठला स्वर घरचा ते कळणार नाही, भलत्या ठिकाणी उड्या, आणि शेवट नाहीच. मधेच तुटलेली.
निनावी चिठ्ठी बाद होते. मग नाव हुबिंगरचं घालायचं. फजिती वेल्शरची, आणि त्याचा राग निघणार हुबिंगरवर. इतका सुंदर विचार मला सिम्फनीतही सुचला नव्हता.

५ मार्च
धून झाली. पाच मिनिटांत. वेल्शरचं थोबाड डोळ्यांपुढे आणलं, कॉफीहाउसातलं हसू आठवलं, हात आपोआप चालला. व्हायोलावर वाजवून पाहिली. भयंकर आहे.
दार उघडलं तर आमच्या घरमालकीण शिमेकबाई जिन्यात झाडू धरून उभ्या. विचारलं, हे तुमचंच का? म्हटलं, हो. तर म्हणाल्या, "मग रोज ते दुसरं कशाला वाजवता?"
बाईंना संगीतातलं काही कळत नाही.

१२ मार्च
एकच चिठ्ठी टाकली आणि ती नाहीच निघाली तर? सूड नशिबावर सोडणारा मी नव्हे. साठ चिठ्ठ्या लिहिल्या. सगळ्या डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. प्रत्येकीखाली: ओटमार हुबिंगर, व्हायोला. बोटांत गोळे आले, पण मन कसं हलकं झालं. बियर. लेखनाचे श्रम फार.

२० मार्च, सकाळ
काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो.
कलशापाशी उभा असलेला शिपाई सॉसेज खायला गेला. लोकांच्या चिठ्ठ्या माझ्या खिशात, माझ्या कलशात. इथवर सगळं बेताप्रमाणे.
वेल्शरने चिठ्ठी काढली. वाचली. कपाळाला आठी पडली. ती आठी मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग त्याने एकाच बोटाने धून वाजवली. मग दुसरा हात आला. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पहिल्या रांगेतला म्हातारा कर्नल उघड उघड रडत होता. माझ्याही डोळ्यांत राळ गेली. गजाला लावतो ती राळ फार उडते हल्ली.
लोक ओरडले, आणखी एक. त्याने दुसरी चिठ्ठी काढली. तीच. हशा. या खेपेला शोकयात्रेसारखी वाजवली. तिसरीही तीच. तिचा त्याने नाच केला. चौथी काढून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हुबिंगर साहेबांचा आग्रह मोडवत नाही. आहेत कुठे ते?"
ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी हुबिंगरला ढकलून उभं केलं. तो वाकला. टाळ्या थांबेनात म्हणून पुन्हा वाकला.
घरी येताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वेंडेल, खरं सांग, मी हे लिहिलं कधी रे?" म्हटलं, मला काय माहीत. जरा विचार करून म्हणाला, "नाताळच्या जेवणानंतरचं मला काहीच आठवत नाही. तेव्हाच असणार."

२ एप्रिल
खाटीक ती धून शिट्टीवर वाजवतो. घोडागाडीवाले वाजवतात. वेल्शर ती छापतोय, 'हुबिंगरच्या धुनेवर आधारित'. शिमेकबाई म्हणाल्या, "काय सोसलं असेल हो त्या माणसाने." मी म्हटलं, त्या माणसाने काल ताटभर डंपलिंग खाल्ली. म्हणाल्या, दुःखात भूक लागते.
मत्सराने मनुष्य नीच होतो. मी सत्य सांगायचं ठरवलं आहे. केवळ सत्यासाठी.

६ एप्रिल
वेल्शरकडे गेलो. सगळं सांगितलं. कलश, चिठ्ठ्या, सगळं. त्याने विचारलं, दुसऱ्याचं नाव का घातलंस? म्हटलं, तुझी नाचक्की करायला. म्हणाला, "एवढं पटलं."
पण धून माझी हे पटेना. अक्षर माझं नाही. डावा हात म्हटलं तर हसला. मग पियानोवरून उठून मला जागा दिली. म्हणाला, "ही मधेच तुटते. ज्याची आहे त्याला शेवट ठाऊक असणार. वाजव."
मी बसलो. चौदा वर्षांत कुणी मला असं 'वाजव' म्हटलं नव्हतं. मी जीव ओतून शेवट केला. तीन वादळं घातली, वर प्रार्थना, त्यावर विजयगीत.
त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चेष्टेने नाही, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाला, "हा शेवट मात्र नक्की तुझा आहे."

१३ एप्रिल, ईस्टर सोमवार
वेल्शरने धून ऑर्केस्ट्रासाठी मांडली आहे. आज ती कार्यक्रमात वाजवली. हुबिंगरच्या सन्मानार्थ सुरुवातीला एकट्या व्हायोलावर. एकटा व्हायोला म्हणजे तो. तेवढा वेळ माझं वाद्य मांडीवर.
मी ती दुसऱ्याच्या हातून, इतक्या जवळून कधी ऐकली नव्हती. त्याने दोन सूर चुकवले. पण चांगली आहे. फार चांगली आहे. मी लिहिलेलं दुसरं काहीच इतकं चांगलं नाही, हे मला तिथे, सगळ्या गावासमोर कळलं.
हुबिंगरने न थांबता माझ्याकडे मान कलती केली आणि पुटपुटला, "उलट ना रे, वेंडेल."
मी पान उलटलं.