आबांची नळी अन् सांडलेलं तीर्थ

४ सप्टें., गुरुवार
सगळं बदललं ते आज सकाळी, प.चा फोन आला तेव्हा. (पूर्ण नाव इथंही लिहिणार नाही.) तिनं स्वतःहून केलेला पहिला फोन, अन् तो असा : "आबा डोळे उघडून नाही राहिले. जीप आण."
तिचे आबा रात्री शेतातल्या आखाड्यावर भुईलाच झोपले होते. मण्यार डसली. आमचं गोरेगाव सोडताना आत्याबाई, म्हणजे आबांची थोरली बहीण, घरात शब्द तिचाच, म्हणाली मारुतीपुढं थांब, तीर्थ पाजू, फेरे घालू. थांबलो नाही. हिंगोलीपर्यंत शिव्या खाल्ल्या. दवाखान्यात पोचेस्तोवर आबांचा श्वास तुटत आला होता. घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला.
हेच आबा पारावर सगळ्यांदेखत मला म्हणाले होते, कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याला मी म्हैस बी देत नसतो.

५ सप्टें.
डॉक्टर म्हणाले, विषावरचं औषध दिलंय. अंग लुळं आहे, पण ऐकू सगळं येतं त्यांना. आता भीती न्यूमोनियाची. नळी असली की तोंडातली घाण तिच्या कडेनं फुफ्फुसात उतरते. म्हणून तोंड औषधानं साफ करायचं, आत जाताना हात धुवायचे, तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.
दुपारी बघतो तर आबा खाली घसरलेले, मान कललेली. सिस्टरवर ओरडलो, पलंग सपाट करा ना, माणूस घसरून राहिला. ती शांतच. म्हणाली, उशाकडून वरच ठेवायचा, सपाट केला तर पोटातलं छातीत जाईल. ओरडण्यापेक्षा वर सरकवायला हात लावा.
लावला. जड आहेत आबा.

६ सप्टें.
प. बाकावर बसली, मधे पिशवी ठेवून. माझ्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली. मला बसवेना. खाली जाऊन जीप पुसली. मग परत पुसली.

७ सप्टें.
खाल्ली माती.
भेटीच्या वेळेला आत्याबाई आत गेली. काचेतून बघतो तर पदराखालून पितळी पेला काढला. मारुतीचं तीर्थ. तेव्हा राहिलेलं आज पाजायला निघाली. चमचा नळीच्या कडेनं ओठापाशी. मी चपलांसकट आत, तिचा हात धरला. पेला फरशीवर.
"देवाचं पाणी सांडलंस त्याच्या तोंडचं," ती म्हणाली. "तू कोण रे त्याचा?"
उत्तर होतं माझ्यापाशी. वाकून पेला उचलला.
सिस्टरनं तिला समजावून बाहेर नेलं. मलाही काढलं, चपलांपायी. प.चा चुलता म्हणाला, उद्यापासून इकडं फिरकू नको. प. भिंतीकडं बघत होती.

९ सप्टें.
काल-आज दोन्ही दिवस जीपच्या सेनगाव फेऱ्या. सुट्या पैशावरून एका पॅसेंजरची गचांडी धरली, मग मीच ओशाळलो.
चमचा ओठाला लागला होता का? थेंब गेला असेल का आत? ताप आला तर म्हणतील तीर्थ सांडलं म्हणून आला. नाही आला तर कोणीच काही म्हणणार नाही.
सांजच्याला प.चा मेसेज : "ताप नाही. एक्सरेच्या फोटोत छाती साफ आहे."
बस, एवढंच. किती वेळा वाचला...

१० सप्टें.
उद्या नळी काढून बघणार. घरचे जेवायला गेलेले. सिस्टर म्हणाली, जा, पण आवाज नको. चपला बाहेर काढल्या. कोपरापर्यंत हात धुतले.
आबांचे डोळे उघडे. बोटं हलतात आता.
म्हणलो, "आबा, तीर्थ मीच सांडलं. परत आणलं तर परत सांडीन." त्यांनी पापणी मिटली नाही. मग तेही बोलून गेलो. "तुमच्या पोरीचं विचारायला येणार हाव मी. आत्ता न्हाई. तुमाला न्हाई म्हणता येईल तवा."
चादरीवरचं बोट उचललं त्यांनी. माझ्याकडं होतं का दाराकडं, कळलं नाही. वाट पाहिली. बोट तसंच.
पलंग उशाकडून वर आहे एवढं बघितलं, बाहेर आलो अन् दार लावून घेतलं.